लघुग्रहाचा शोध : पहिल्या फ्रेमपासून नावापर्यंतच्या पायऱ्या आणि हमखास होणाऱ्या चुका

‘आमच्या चमूने लघुग्रह शोधला, आता त्याला नाव देणार’ अशा बातम्या दर काही महिन्यांनी छापून येतात. त्यातल्या बहुतेकांच्या मागे एका रात्रीच्या चार फ्रेममध्ये, म्हणजे छायाचित्रांमध्ये, सरकलेला एक ठिपका असतो. तो शोध नव्हे. दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण, तात्पुरतं नामांकन, कक्षानिश्चिती, क्रमांक आणि मग नाव, हा क्रम आहे. यातली एकही पायरी गाळता येत नाही की पुढेमागे करता येत नाही. हा लेख मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहांपुरता आहे. स्वतःच्या दुर्बिणीने काम करणारे गट आणि मोठ्या सर्वेक्षणांच्या तयार प्रतिमा तपासणारे शाळा-कॉलेजांचे चमू या दोघांसाठी तो लिहिला आहे.

## पायरी १ : कुठल्या वाटेने जायचं ते आधी ठरवा

आठ इंची एफ/५ दुर्बीण आणि थंड केलेला कॅमेरा असेल, तर अंधाऱ्या आकाशात फ्रेमा एकावर एक रचून १९व्या प्रतीच्या आसपास पोहोचता येतं (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). मुख्य पट्ट्यातले तेवढे तेजस्वी लघुग्रह जवळजवळ सगळे सापडलेले आहेत. जे उरलेत ते २१व्या प्रतीच्या पलीकडे, आणि तिथे पॅन-स्टार्स, कॅटालिना यांसारखी सर्वेक्षणं रोज रात्री आकाश विंचरतात. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिल्या चाचणी प्रतिमा दाखवल्या तेव्हा दहा-एक तासांच्या निरीक्षणांत २१०४ नवे लघुग्रह निघाले होते. छोट्या दुर्बिणीने नवा लघुग्रह सापडणं आता योगायोगावर आहे. अशा दुर्बिणीचा खरा उपयोग पाठपुराव्यात, म्हणजे इतरांनी शोधलेल्यांच्या नेमक्या जागा मोजण्यात आहे.

नवा ठिपका शोधायचाच असेल, तर इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशनच्या मोहिमांतून पॅन-स्टार्सच्या १.८ मीटर दुर्बिणीच्या प्रतिमा मिळतात. हवाईतल्या हालेआकाला शिखरावर घेतलेल्या चार-चार फ्रेमांचे हे संच ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासायचे असतात. ही वाट धरली असेल तर पायरी २ आणि ३ वाचून सोडून द्या; कष्ट पायरी ४ पासून सुरू होतात.

## पायरी २ : वेधशाळेचा संकेतांक, घड्याळ आणि कॅमेरा

निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथलं हे केंद्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघासाठी काम करतं. पुढे त्याला एमपीसी म्हणू. संकेतांक नसलेल्या जागेहून ‘नवा’ लघुग्रह कळवता येत नाही. आधी क्रमांक मिळालेले, १४ ते १७ प्रतीचे पाच-सहा लघुग्रह जवळच्या दोन रात्री मोजायचे आणि संकेतांकाच्या जागी ‘एक्सएक्सएक्स’ लिहून पाठवायचे. मोजमापं नीट असली की तीन अक्षर-अंकी संकेतांक मिळतो. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची द्यावी लागते. जीपीएसवरून घेतलेले आकडे दशांशानंतर चार-पाच स्थळांपर्यंत लिहा. गावाच्या नावावरून नकाशात शोधलेला बिंदू चालणार नाही.

घड्याळाची चूक एका सेकंदाच्या आत हवी. लॅपटॉप इंटरनेटच्या वेळेशी सतत जुळत राहील असं सॉफ्टवेअर बसवा. माळरानावर नेटवर्क नसेल तर यूएसबी जीपीएस जोडा. रात्री एकदा जुळवलेलं लॅपटॉपचं घड्याळ पहाटेपर्यंत दोन-तीन सेकंद सरकू शकतं.

पिक्सेलमागे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) येतात ते काढा : २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मि.मी. नाभीय अंतर असेल तर ०.७८ आर्कसेकंद येतात. ताऱ्याचा ठिपका ३ आर्कसेकंद रुंद असेल तर तो चार पिक्सेलांवर पसरतो, हे चांगलं. ठिपका दोन पिक्सेलांपेक्षा लहान पडत असेल तर मध्यबिंदू नीट निघत नाही. त्यामुळे फाइल लहान व्हावी एवढ्यासाठी बिनिंग, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र करणं, टाळा.

तपासा : आजच्या रात्री एखादा क्रमांकित लघुग्रह मोजा. एमपीसीच्या भाकितापासून फरक एक आर्कसेकंदाच्या आत, आणि सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेने झुकलेला नसावा. लघुग्रहाच्या चालीच्या दिशेनेच सारखा फरक येत असेल तर दोष घड्याळाचा आहे.

## पायरी ३ : रात्र, जागा आणि फ्रेमांचं अंतर

लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना शोधायचा. तेव्हा तो सर्वांत तेजस्वी असतो आणि पृथ्वी त्याला मागे टाकत असल्याने ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकताना दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात रेखांश ७४ अंशांच्या आसपास असल्यामुळे प्रतियुतीचा बिंदू मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) रात्री १२ ला नव्हे, साडेबाराच्या सुमारास येतो. फ्रेमा त्याच्या आगेमागे दोन तासांत घ्या.

पौर्णिमेचा चंद्र नेमका याच बिंदूपाशी असतो. म्हणून अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा रात्रीच कामाच्या. महाराष्ट्रासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि आयनिकवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचा) समोरचा भाग मीन-मेष राशींत, म्हणजे ताऱ्यांची गर्दी नसलेल्या जागी असतो. मे-जूनमध्ये तोच बिंदू वृश्चिक-धनूच्या आकाशगंगेत जातो. तिथे प्रत्येक ठिपक्यामागे एक तारा दडलेला असतो, नवख्यांनी तिकडे फिरकू नये.

एका फ्रेमचा अवधी ठरवताना चाल लक्षात घ्या. वर्तुळाकार कक्षा धरली तर प्रतियुतीला सूर्यापासून २.२ खगोलीय एककांवरचा (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) लघुग्रह तासाला सुमारे ४० आर्कसेकंद सरकतो, २.५ वरचा ३६, आणि ३ वरचा ३१. म्हणजे मिनिटाला अर्धा ते पाऊण आर्कसेकंद. ०.७८ आर्कसेकंदांच्या पिक्सेलवर दोन मिनिटांची फ्रेम चालते. पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये ठिपक्याची रेघ होऊ लागते. फिल्टर लावू नका.

एका जागेचे किमान तीन, शक्यतो चार वेध (निरीक्षणं) घ्या, प्रत्येकात १५ ते २० मिनिटांचं अंतर ठेवून. मधल्या वेळात शेजारच्या जागा टिपता येतात. सलग चार फ्रेमा घेऊन ‘चार वेध झाले’ म्हणणं व्यर्थ आहे. सहा मिनिटांत लघुग्रह चार-पाच पिक्सेल सरकतो आणि त्यातून चालीचा अंदाज बांधता येत नाही.

सावधान : डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष वजा करण्यासाठी घेतलेल्या फ्रेमा) त्याच रात्रीचे, त्याच तापमानाचे हवेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर दव आरशावर बसतं. ताऱ्यांचे ठिपके हळूहळू फुगत असतील तर फोकसला हात लावण्याआधी दव पाहा.

## पायरी ४ : ठिपका खरा आहे का?

फ्रेमा ताऱ्यांवर जुळवून ब्लिंक करा, म्हणजे एकामागून एक झटपट आलटून पाहा. सरकणारा प्रत्येक ठिपका चार कसोट्यांवर घासायचा : सरळ रेषेत चालतो का, अंतर वेळेच्या प्रमाणात वाढतं का, तेज साधारण सारखं राहतं का, आणि आकार शेजारच्या ताऱ्यांसारखा आहे का. वैश्विक किरणाचा ठिपका एकाच फ्रेममध्ये असतो आणि टोकदार दिसतो. उपग्रहाची चमक तेजात वरखाली होते.

सगळ्यांत जास्त फसवतो तो हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्यातला कायम उजळ राहणारा सदोष पिक्सेल. दुर्बिणीचं ट्रॅकिंग रात्रभर एकाच दिशेला संथ सरकत असेल, तर ताऱ्यांवर जुळवलेल्या फ्रेममध्ये हॉट पिक्सेल सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालतो, अगदी लघुग्रहासारखा. म्हणून मूळ, न जुळवलेल्या फ्रेमा उघडून ठिपक्याचे एक्स-वाय आकडे पाहा. ते सगळीकडे तेच असतील तर विषय संपला.

सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ठिपक्याचा प्रकाश पार्श्वभूमीच्या खरखरीच्या किती पट आहे ते) पाचाच्या खाली असेल तर तो वेध सोडा. शाळांच्या मोहिमांत सर्वांत जास्त नाकारले जातात ते असेच. चार फ्रेमांपैकी दोनच्यात ठिपका दिसतो आणि उरलेल्या दोनच्यात ‘असायला हवा तिथे’ काहीतरी धूसर टिपलं जातं. डोळ्यांनी ठरवून मोजलेला नॉइज हा वेध नव्हे.

## पायरी ५ : तो आधीच माहीत नाही ना?

एमपीसीच्या एमपीचेकर या ऑनलाइन साधनात वेळ, जागा आणि संकेतांक भरून आसपासच्या १५ आर्कमिनिटांतले सगळे ज्ञात लघुग्रह मागवा. तेजाची मर्यादा २२ किंवा त्याहून मंद प्रतीपर्यंत ठेवा. ती २० वर ठेवली तर यादीतूनच गळलेला लघुग्रह तुम्हाला नवा वाटतो.

ॲस्ट्रोमेट्रिकात ज्ञात लघुग्रहांवर खुणा दिसतात, पण त्या संगणकावर उतरवलेल्या एमपीसीऑर्ब, म्हणजे एमपीसीच्या कक्षांच्या यादीच्या, फाइलवरून. ती फाइल वर्षापूर्वीची असेल तर त्यानंतर सापडलेले लघुग्रह त्यात नसतात. होते त्यांच्याही खुणा सरकतात, कारण कक्षेचे घटक एका ठरावीक दिवसासाठीचे असतात. प्रत्येक मोहिमेआधी फाइल नवी उतरवा.

खूण ठिपक्याच्या जवळ आहे पण बरोबर वर नाही, असं दिसलं तर चालीची दिशा आणि वेग ताडून पाहा. दोन्ही जुळत असतील तर तो तोच ज्ञात लघुग्रह, फक्त त्याची कक्षा कच्ची आहे. असा वेध टाकून देऊ नका. ज्ञात नावाने पाठवा, त्याची किंमत कधीकधी नव्यापेक्षा जास्त असते.

## पायरी ६ : जागा मोजणे आणि वेळ लिहिणे

संदर्भ ताऱ्यांसाठी गाया या अवकाश दुर्बिणीचा ताऱ्यांचा कॅटलॉग वापरा. संदर्भ ताऱ्यांची सरासरी चूक ०.१ ते ०.२ आर्कसेकंद आली पाहिजे. अर्ध्याच्या वर गेली तर नाभीय अंतर, फ्रेमचा कोन किंवा आरशाने उलटलेली प्रतिमा यांपैकी काहीतरी चुकलंय.

वेळ जागतिक वेळेत, दिवसाच्या दशांशात आणि एक्स्पोजरच्या मध्याची लिहायची. बहुतेक कॅमेरा सॉफ्टवेअर सुरुवातीची वेळ नोंदवतात. दोन मिनिटांच्या फ्रेमसाठी सुरुवातीची वेळ दिली तर जागा अर्ध्या आर्कसेकंदाहून जास्त चुकते. ॲस्ट्रोमेट्रिकाच्या सेटिंगमध्ये ‘सुरुवात’ की ‘मध्य’ हे एकदा पाहून घ्या.

साडेपाच तासांचा घोळ त्याहून मोठा. १६ जानेवारीला पहाटे २:१५ चा वेध जागतिक वेळेत १५ जानेवारीच्या २०:४५ चा, म्हणजे १५.८६४५८ असा लिहायचा. पंधरवड्याच्या सीमेवर ही चूक झाली तर वेध निकामी होतोच, शिवाय पुढे मिळणाऱ्या नामांकनाचं अक्षर (पायरी ९ पाहा) काय असेल याचाही अंदाज चुकतो.

## पायरी ७ : दुसरी रात्र

एका रात्रीचे वेध एमपीसीकडे न जुळलेल्या वेधांच्या फाइलमध्ये पडून राहतात. त्यांना नामांकन नाही, श्रेय नाही. मुख्य पट्ट्यातल्या वस्तूला तात्पुरतं नामांकन साधारणपणे दोन रात्रींच्या वेधांवर मिळतं. म्हणून मोहिमेचं वेळापत्रक पहिल्या रात्रीभोवती आखू नका. दोन ते चार रात्रींच्या आत त्याच भागाकडे परत यायचं, हे आधी ठरलेलं असू द्या.

दुसऱ्या रात्री लघुग्रह कुठे असेल ते पहिल्या रात्रीची चाल पुढे वाढवून कळतं. तासाला ३६ आर्कसेकंद म्हणजे चोवीस तासांत साडेचौदा आर्कमिनिटं, चंद्रबिंबाच्या अर्ध्याएवढी. तीन रात्रींनंतर हे अंतर पाऊण अंशाच्या जवळ जातं. फ्रेमचा मध्य तितका पश्चिमेला न्या. पहिल्या रात्रीचाच मध्य पकडून लघुग्रह फ्रेमबाहेर घालवणं हा ठरलेला प्रकार आहे.

श्रेयाचा नियम नीट समजून घ्या. १९ ऑक्टोबर २०१० नंतर नामांकित झालेल्या लघुग्रहांसाठी, ज्या प्रतियुतीत दुसऱ्या रात्रीचे वेध सर्वांत आधी कळवले गेले, त्या प्रतियुतीतला सर्वांत आधी कळवलेला वेध शोध मानला जातो. वेध कधी घेतला याइतकंच तो कधी कळवला यालाही महत्त्व आहे. दोन्ही रात्रींचे वेध त्या-त्या सकाळीच पाठवा.

## पायरी ८ : अहवाल

एमपीसी आता एडीईएस या नव्या साच्याला प्राधान्य देते. जुना ८० रकान्यांचा साचाही नवख्यांच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. जुन्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. मेलमध्ये चिकटवताना एखादी मोकळी जागा गळली की सगळी ओळ नाकारली जाते. वर्डमध्ये उघडून ‘नीट’ करू नका, साध्या मजकुराच्या फाइलमध्येच ठेवा.

नव्या वस्तूला तुमचं स्वतःचं तात्पुरतं नाव द्यायचं असतं, रोमन अक्षरं आणि अंक मिळून जास्तीत जास्त सात. दोन रात्रींची वस्तू तीच आहे याची खात्री असेल तर नाव तेच ठेवा, नसेल तर वेगळं. मागच्या मोहिमेत वापरलेलं नाव पुन्हा वापरणं सर्वांत वाईट, कारण दोन वेगळ्या वस्तूंचे वेध एकत्र होण्याचा धोका असतो.

तपासा : पाठवण्याआधी एमपीसीच्या डायजेस्ट-२ गणनेत वेध टाकून पाहा. गुण ६५ किंवा वर आले तर वस्तू पृथ्वीजवळची असू शकते. मग सकाळची वाट न पाहता ताबडतोब कळवा. पोच आली म्हणजे शोध मान्य झाला असं नाही, मेल पोहोचला इतकंच. वेधांचं पुढे काय झालं ते ‘व्हेअर आर माय ऑब्झर्व्हेशन्स’ या सेवेत दिसतं.

## पायरी ९ : तात्पुरतं नामांकन वाचणे

नामांकनात वर्ष, पंधरवड्याचं अक्षर, क्रमाचं अक्षर आणि शेवटी आवर्तनाचा अंक असतो. जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘ए’, डिसेंबरचा दुसरा ‘वाय’. ‘आय’ दोन्ही जागी वगळतात. क्रमाची २५ अक्षरं संपली की अंक एकाने वाढतो.

पंडित जसराज यांचं नाव मिळालेला मुख्य पट्ट्यातला लघुग्रह घ्या : २००६ व्हीपी३२. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ‘पी’ हे पंधरावं अक्षर, आणि ३२ आवर्तनं म्हणजे ८००. त्या पंधरवड्यात नामांकित झालेली ती ८१५वी वस्तू. कॅटालिना सर्वेक्षणाला ती ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडली. तमिळनाडूतल्या कावळूरच्या वेधशाळेतून आर. राजमोहन यांच्या कार्यक्रमात सापडलेल्या ‘रामानुजन’चं नामांकन १९८८ डीक्यू१ होतं, म्हणजे फेब्रुवारी १९८८ च्या उत्तरार्धातली ४१वी वस्तू.

हे नामांकन हातात आलं की बातमी द्यायला हरकत नाही, पण ‘तात्पुरतं नामांकन मिळालं’ एवढीच. पुढे तीच वस्तू जुन्या वेधांशी जुळू शकते आणि श्रेय दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

## पायरी १० : कक्षा पक्की करणे

कक्षेला सहा आकडे लागतात : दीर्घवर्तुळाचा अर्धा मोठा अक्ष, विकेंद्रता (कक्षा किती लांबुळकी आहे), आयनिकवृत्ताशी कल, पातबिंदूची (कक्षा आयनिकवृत्ताचं प्रतल छेदते तिथली) दिशा, उपसूर्य बिंदूची (सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूची) दिशा आणि ठरावीक दिवशी लघुग्रह कक्षेत कुठे आहे तो कोन. फाइंड-ऑर्ब हे मोफत सॉफ्टवेअर वेधांवरून हे काढून देतं.

इथे एक भ्रम होतो. दोन रात्रींच्या वेधांवर कक्षा बसवली की उरलेल्या चुका ०.२ आर्कसेकंद वगैरे सुरेख येतात आणि कक्षा बरोबर वाटते. इतक्या छोट्या कमानीवर (वेधांनी व्यापलेल्या कक्षेच्या तुकड्यावर) पूर्ण वेगळ्या कक्षाही तितक्याच सुरेख बसतात. अर्धा अक्ष २.०६ ते ३.२७ खगोलीय एककांच्या बाहेर आला म्हणून वस्तू ‘विलक्षण’ ठरत नाही, आणि आत आला म्हणून तो आकडा खरा ठरत नाही. महिन्याभराची कमान झाल्याशिवाय विकेंद्रतेवर एक शब्दही लिहू नका.

वेधांचा क्रम असा ठेवा : पहिल्या दोन रात्री, मग आठ-दहा दिवसांनी, मग महिन्याने, आणि लघुग्रह संध्याकाळच्या आकाशात मावळण्याआधी एकदा. यातला आठ-दहा दिवसांचा टप्पा चुकला तर महिन्याने त्याला कुठे शोधायचं हेच कळत नाही.

पुढची प्रतियुती कधी? २.७ खगोलीय एककांवरच्या लघुग्रहाचा कक्षाकाल ४.४४ वर्षं आणि दोन प्रतियुतींमधलं अंतर सुमारे ४७१ दिवस. १५ जानेवारी २०२६ ची प्रतियुती धरली तर पुढची मे २०२७ च्या सुरुवातीला आणि त्यापुढची १४ ऑगस्ट २०२८ च्या आसपास येते. कक्षा लांबुळकी असेल तर काही आठवडे इकडेतिकडे. म्हणजे तिसरी प्रतियुती ऐन पावसाळ्यात गेली. महाराष्ट्रातल्या गटांनी दुसऱ्या हवामानातल्या एखाद्या निरीक्षकाशी आधीच बोलून ठेवावं.

## पायरी ११ : क्रमांक

कक्षेची अनिश्चितता शून्य ते नऊ अशा ‘यू’ या अंकाने दाखवतात, शून्य सर्वांत पक्की. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला साधारणपणे चार प्रतियुतींचे वेध झाल्यावर कायमचा क्रमांक मिळतो. वरच्या हिशेबाने जवळजवळ चार वर्षं. सर्वेक्षणांच्या जुन्या प्रतिमांत तो आढळला तर लवकर, वेध तुटले तर कितीही उशिरा. शोधाचं श्रेय पक्कं होतं ते याच टप्प्यावर. इथे अर्ज नसतो, शुल्क नसतं आणि घाई करण्याचा उपायही नसतो, पाठपुराव्याचे वेध सोडून.

## पायरी १२ : नाव सुचवणे

क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं नाव सुचवण्याचा हक्क शोधकर्त्याचा. प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या लघुपिंड नामकरण कार्यगटाकडे जातो. मंजूर नावं २०२१ पासून त्यांच्या स्वतंत्र पत्रिकेत प्रसिद्ध होतात.

प्रस्तावाआधी ही चाळणी लावा. रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, १६ अक्षरांत बसलं पाहिजे; शक्यतो एकच शब्द. म्हणूनच लघुग्रहाचं नाव ‘पंडितजसराज’ असं जोडून आहे. मराठी नावांचं स्पेलिंग आधी एकमताने ठरवा, प्रसिद्ध झाल्यावर बदल करणं जिकिरीचं असतं. आधीच्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावाशी फार साम्य नको. स्वतःचं नाव नको, कंपनीचं किंवा उत्पादनाचं मुळीच नाही, आणि पाळीव कुत्र्या-मांजराचं सुचवू नका.

राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी मुख्यतः ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूला शंभर वर्षं उलटलेली असावी लागतात. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत ही अट २०२० मध्ये पूर्ण झाली, यशवंतराव चव्हाणांच्या बाबतीत ती २०८४ मध्ये होईल. शास्त्रज्ञ, कलावंत, खेळाडू यांना ही अट नाही. जसराजांचं नाव २०१९ मध्ये दिलं गेलं तेव्हा ते हयात होते. त्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. त्यांची जन्मतारीख २८-०१-३० उलट क्रमाने लिहिली की हाच आकडा येतो. असा जुळणारा क्रमांक मागून मिळत नाही, आधीच मिळालेल्यांतून तो हेरावा लागतो.

नावासोबत दोन-चार वाक्यांचा परिचय द्यायचा असतो. त्यात जन्मवर्ष, क्षेत्र आणि एक ठोस काम लिहा. ‘थोर’, ‘अद्वितीय’ असली विशेषणं कापली जातात. पैसे घेऊन लघुग्रहाला किंवा ताऱ्याला नाव देणाऱ्या संकेतस्थळांचा या प्रक्रियेशी काहीही संबंध नाही.

धीर हवा. शोधापासून नावापर्यंत जसराजांच्या लघुग्रहाला तेरा वर्षं लागली. विश्वनाथन आनंदच्या नावाचा लघुग्रह, क्रमांक ४५३८, जपानमध्ये १९८८ साली सापडला आणि ‘विशीआनंद’ हे नाव त्याला २०१५ मध्ये मिळालं. शाळेच्या चमूने प्रस्तावाची जबाबदारी एखाद्या विद्यार्थ्यावर न टाकता संस्थेच्या कायम टिकणाऱ्या ईमेल पत्त्यावर ठेवावी, कारण क्रमांक मिळाल्याचं कळेल तेव्हा तो विद्यार्थी नोकरीला लागलेला असेल.